दोन कीलवाली जुनी बोट घेताना

मागच्या रविवारी भाच्याचा इंग्लंडहून फोन आला. "मामा, एक शिडाची बोट पाहून राहिलो. २६ फुटी आहे, पन्नासेक वर्षं जुनी, पण आतून एकदम मस्त. घेऊ का?" मी विचारलं, खालून पाहिली का? तर नाही. गाद्यांचे फोटो होते, छोट्या ओट्याचे होते, पितळी कंदिलाचेही होते. बुडाचा एकही नव्हता.

मी नागपुरात धरमपेठेत राहतो. शीड धरायला अंबाझरी तलावावर शिकलो, एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये. पुढे नोकरीनिमित्त एसेक्समध्ये अकरा वर्षं काढली आणि तिथे ब्लॅकवॉटर खाडीत माझी स्वतःची २३ फुटी बोट होती. आपल्याकडची बरीच मुलं आता तिकडे आहेत. जुन्या मोटारीच्या भावात तिथे अशी बोट मिळून जाते, म्हणून मोह होतो. भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला कित्येक खाड्या पार कोरड्या पडतात. बुडाखाली एकच खोल कील (बोटीला तोलणारं जड पातं) असलेली बोट तिथे आडवी होते. बिल्ज कीलच्या बोटीला डावी-उजवीकडे दोन आखूड कील असतात, त्यामुळे पाणी उतरलं की ती चिखलात दोन पायांवर सरळ उभी राहते. ओट्यावरचा चहा सांडत नाही. कोरड्या पडणाऱ्या जागेचं भाडंही मरीनापेक्षा (बोटी बांधायच्या सोयीच्या बंदरापेक्षा) पुष्कळ कमी असतं. बदल्यात वाऱ्याच्या विरुद्ध जाताना ती थोडी मागे पडते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

भाच्याने पाहिलेली बोट वेस्टर्ली कंपनीची, सेंटॉर मॉडेलची आहे. लॉरेंट जाइल्स या बोटी आखणाऱ्या कार्यालयाने आखलेली ही बोट १९६९ ते १९८० या काळात सुमारे अडीच हजारांच्या संख्येने बनली. लांबी २६ फूट, आणि तरायला ३ फूट पाणी पुरतं. इतक्या बनल्यामुळे तिची दुखणी सगळ्यांना माहीत आहेत, ही घेणाऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय. जुन्या सेंटॉरचं मुख्य दुखणं म्हणजे कील जिथे बुडाला बोल्टांनी जोडलेली असते ती जागा. तिथलं फायबरग्लास लवतं, आणि बऱ्याच बोटींना आतून जादा मजबुती द्यावी लागली आहे. ती दिलेली आहे का आणि कोणी दिली, हे बिलासकट विचारा.

बोट कुठल्याही कंपनीची असो, पहिला अर्धा तास बुडाखालीच घालवा. बोट जमिनीवर उभी असताना कीलच्या मुळाशी टॉर्च धरा. गंजाचा ओघळ, केसासारखी चीर, नुकतंच भरलेलं पुट्टी दिसतं का पाहा. मग ती क्रेनच्या पट्ट्यांवर उचलायला लावा. उभी असताना तिच्याच वजनाने बंद राहिलेली फट लटकल्यावर उघडते. कीलचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. सांध्यात काही हललं तर तिथेच थांबा. आत येऊन तळाच्या फळ्या काढा आणि बोल्टांभोवती ओल, तडे आहेत का तपासा.

माझी बोट मी अशी उचलायला लावली नव्हती. मार्चमध्ये बोट घेतली, बुडाला ताजा रंग होता, मध्यस्थ म्हणाला सगळं ठीक आहे. मे महिन्यात तळाशी पाणी दिसलं. बोटाचं टोक बुडवून चाखलं, खारट. ही युक्ती लक्षात ठेवा: पाणी गोडं असेल तर पाऊस खिडक्यांतून येतो आहे, खारट असेल तर समुद्र आत शिरला आहे. क्रेनने उचलली तेव्हा डाव्या कीलच्या मुळाशी नख जाईल एवढी फट होती. ३,२०० पौंडांच्या बोटीला २,४०० पौंड दुरुस्ती लागली आणि अख्खा मोसम गेला.

आता बाकीचं बूड. उन्हाळ्याच्या तोंडाशी आपण माठ घेतो तेव्हा बोटाने वाजवून पाहतो ना, तसंच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वीतभर अंतरावर वाजवत जा. चांगलं फायबरग्लास टणक वाजतं, थर सुटलेले असतील तिथे आवाज बद्द येतो. डेकही असाच वाजवा, आणि डोलकाठीच्या पायाशी चालताना तो दबतो का ते बघा. बुडावर फोड असतील तर तो ऑस्मॉसिस, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरलं आहे. फोडातल्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तुरळक फोडांनी बोट बुडत नाही, पण त्यावर भाव नक्की उतरवा. दोन कीलच्या मधली जागा खाली आडवं झोपूनच पाहा, तिथे मालक सहसा रंगवायला जात नाही.

डोलकाठीच्या तारा दहा वर्षांवरच्या असतील तर बदलायचा खर्च धरूनच चाला, विमावालेही विचारतात. इंजिन सुरू करण्याआधी त्यावर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालवून ठेवलं आहे. थंड इंजिन कसं सुरू होतं ते तुम्हाला बघायचं आहे, दुसऱ्या दिवशी न सांगता जा.

कागदपत्रांत बिल ऑफ सेल (विक्रीखत) हवं, आणि आधीच्या मालकांची साखळी जुळायला हवी. स्मॉल शिप्स रजिस्टर या ब्रिटनच्या लहान बोटींच्या नोंदवहीतली नोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे आपल्या लोकांना पटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याला गाडीच्या आरसीची सवय. ब्रिटिश जहाज नोंदणीच्या पार्ट १ या वेगळ्या भागात नोंद असेल तर बोटीवर नोंदवलेलं कर्ज आहे का ते तिथे कळतं.

सौदा "सर्व्हे (तज्ज्ञाची तपासणी) ठीक आला तर" अशा लेखी अटीवरच करा आणि सर्व्हेअर स्वतः नेमा. विकणाऱ्याच्या हातातला जुना अहवाल वाचा जरूर, पण त्यावर पैसे देऊ नका. तो सर्व्हेअर तुम्हाला बांधील नसतो.

आणि बयाणा देण्याआधी, बोट जिथे ठेवणार ती जागा पूर्ण ओहोटीला गमबूट घालून पाहून या. काठी दोन्ही बाजूंना सारखी रुतली पाहिजे. एका कीलखाली दगड आणि दुसरीखाली चिखल असेल तर सगळा भार एकाच सांध्यावर येतो, दिवसातून दोनदा. भाचा येत्या शनिवारी काठी घेऊन जातो आहे.