टॅरंटुलाच्या पिल्लाला डबा केवढा घ्यावा?

टॅरंटुला म्हणजे मोठा, केसाळ कोळी. त्याचं पिल्लू पाळायला आणणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. ‘मोठाच डबा घ्या, पुन्हा बदलायला नको’ आणि ‘डबा मोठा तर कोळी लवकर मोठा’. दोन्ही सोडून द्या. वाढ खाण्यावर आणि तापमानावर ठरते, लिटरवर नाही. सेंटीमीटरभर पिल्लू मोठ्या डब्यात सोडलं की ते कुठे बसलंय ते दिसत नाही, खाल्लं की नाही तेही कळत नाही. न खाल्लेला रातकिडा मात्र मातीत दबा धरून राहतो आणि कात टाकताना उताणं पडलेल्या त्याच पिल्लाला कुरतडतो.

आधी पायांचा पसारा मोजा. पुढच्या पायाच्या टोकापासून तिरक्या रेषेत, विरुद्ध बाजूच्या मागच्या पायाच्या टोकापर्यंत. हातावर घेऊन नाही, पिल्लू ज्या कुपीत आलं तिला बाहेरून पट्टी लावून. विकणारा सांगतो ते माप पसाऱ्याचं की नुसत्या धडाचं, हे विचारून घ्या. दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक पडतो.

डब्याची रुंदी पसाऱ्याच्या अडीच ते तीन पट. जमिनीवर राहणाऱ्या ‘कर्ली हेअर’ या टॅरंटुलाच्या जातीचं उदाहरण घेऊ. पसारा 1 सेंमी असेल तर लघवी तपासणीची 50 मिलीची डबी पुरते (नवी, हे सांगायला नको). 2 सेंमीला 200 ते 250 मिलीचा पारदर्शक पार्सलचा डबा. 4–5 सेंमीला साधारण 13 सेंमी लांब, रुंद आणि उंच असा 2 लिटरचा. मधली पायरी गाळू नका.

आता उंची. बहुतेक जण इथेच चुकतात, कारण ते डब्याची उंची मोजतात. मोजायचं असतं ते मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर. जमिनीवरच्या जातींसाठी ते पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. 5 सेंमीच्या कोळ्याला साडेसात सेंमी, बस्स. डबा उंच मिळाला तर माती वाढवा. रिकामी उंची ‘मोकळं वाटावं’ म्हणून ठेवू नका. जमिनीवरचा टॅरंटुलाही रात्री काचेवर चढतो, झाकणाला उलटा लटकतो आणि निसटून खाली पडतो. त्याच्या पोटाची त्वचा पातळ असते. ती फाटली की शरीरातलं द्रव बाहेर येतं. पाय ताठ करायला टॅरंटुला याच द्रवाचा दाब वापरतो, कारण पायांच्या मुख्य सांध्यांना सरळ करणारे स्नायूच नसतात. म्हणून द्रव गेलं की पाय पोटाखाली मुडपतात आणि खेळ संपतो.

एक खरं सांगायला हवं: सेंटीमीटरभराचं पिल्लू पडलं तर सहसा काही होत नाही, त्याला वजनच नसतं. धोका आकाराबरोबर वाढतो. 2 सेंमीपर्यंत थोडी ढिलाई चालेल, 4–5 सेंमीच्या पुढे अजिबात नाही.

इथेच आणखी एक फसगत होते. माती म्हणून घातलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भुसभुशीत भरलं तर ते वाळताना खाली बसतं आणि बेतानं ठेवलेलं अंतर महिनाभरात सेंटीमीटर-दीड सेंमीने वाढलेलं असतं. थर थर घालून मुठीने दाबा आणि दोन दिवसांनी अंतर पुन्हा मोजा. शोभेचे टोकदार दगड तर घालूच नका. पाण्यासाठी बाटलीचं बूच कोपऱ्यात मातीत दाबून बसवा, म्हणजे पडलाच तर कडेवर आपटणार नाही.

झाकणाला जाळी नको. नखं अडकून पाय तुटतात. प्लास्टिकच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना तापलेल्या सुईने भोकं पाडा, आतले कंगोरे घासून काढा. भोक पिल्लाच्या डोक्याकडच्या कवचापेक्षा बरंच लहान हवं, कारण ते कवच जिथून जातं तिथून अख्खा कोळी जातो. सेंटीमीटरभराच्या पिल्लाला 1 मिमीपेक्षा मोठं नको.

झाडावरच्या जातींना हे गणित उलटं. मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरच्या व्हर्सिकलर जातीला उंची पसाऱ्याच्या तिप्पट, माती 2–3 सेंमी, आणि उभी साल. तो झाकणालगत जाळं विणतो आणि वरून उघडलं की दर वेळी घर मोडतं. त्यामुळे डबा उलटा वापरा: झाकण खाली, माती झाकणात. दमट आणि कोंदट हवेत हा पटकन मरतो. बिळात राहणाऱ्या किलोब्रॅकिससारख्या टॅरंटुलांना मातीचीच खोली पसाऱ्याच्या तिप्पट द्या. सह्याद्रीतून कोळी उचलून आणायचा विचार मात्र डोक्यातून काढा. आपल्याकडच्या झाडावरच्या टॅरंटुलांचा पोसिलोथेरिया हा वंश 2019 पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत आहे.

डबा कधी बदलायचा? रुंदी पसाऱ्याच्या दुपटीखाली आली की. पोट फुगून काळपट, चकचकीत झालंय आणि खाणं सुटलंय, तर कात जवळ आली आहे, हात लावू नका. कात टाकल्यावरही सुळे पुन्हा काळे होईपर्यंत थांबा: लहान पिल्लाला आठवडाभर, 5 सेंमीच्या पुढे दोन आठवडे. मग जुना डबा आडवा करून नव्या मोठ्या डब्यात ठेवा, मऊ कुंचल्याने मागच्या पायांना हलकेच स्पर्श करा आणि हे सगळं एका खोल टबात करा.