आधी फॉग, मग वक्र, शेवटी आकाश : जुन्या खगोलीय प्लेटवरून प्रकाश मोजताना

जुन्या फोटोग्राफिक काचेच्या प्लेटचं स्कॅन उघडलं की सीसीडीवर, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, वाढलेल्या मुलांचा हात आधी आकाशाची पार्श्वभूमी वजा करायला जातो. मी त्यांना तिथेच थांबवते. स्कॅनमध्ये आहे तो काळेपणा, म्हणजे घनता. तो प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही. हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी १८९० मध्ये दाखवून दिलं की घनता आणि एक्स्पोजरचा लॉग यांचा आलेख खाली पसरट, मध्ये जवळपास सरळ आणि वर पुन्हा वाकलेला असतो. आपल्याला हा वक्र उलटा वाचायचा आहे, आणि त्यात पायऱ्यांचा क्रम चुकला तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं.

पहिली गोष्ट, तुमच्या फाइलमधले आकडे नक्की कशाचे आहेत ते तपासा. पीडीएससारख्या मायक्रोडेन्सिटोमीटरची (प्लेटचा काळेपणा बिंदूबिंदूने मोजणाऱ्या यंत्राची) फाइल बहुधा घनतेच्याच प्रमाणात असते, फक्त गुणक शोधावा लागतो. साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर काम केलं असेल तर आकडे आरपार गेलेल्या प्रकाशाचे असतात. स्कॅन १६ बिटचं घ्या, गॅमा आणि ऑटो-करेक्शन बंद ठेवा. प्रत्येक पिक्सेलमधून आणि मोकळ्या काचेच्या वाचनातून स्कॅनरचं अंधारातलं वाचन काढून टाका. मग मोकळ्या काचेच्या वाचनाला पिक्सेलच्या वाचनाने भागून १० पायाचा लॉग घ्या. ती घनता.

आता प्लेट लाइट टेबलवर ठेवा आणि कडेचे कॅलिब्रेशनचे ठिपके किंवा स्टेप वेज (ठाऊक प्रमाणात प्रकाश देऊन उमटवलेले ठिपके किंवा पायऱ्यांची पट्टी) लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, बघा. हे स्क्रीनवर उरकू नका. इमल्शनवरचा (काचेवरच्या प्रकाशसंवेदी थरावरचा) बारीक ओरखडा स्क्रीनवर नुसता उजळ पिक्सेलसारखा दिसतो. लूपखाली तो सरळ ठिपक्यातून गेलेला कळतो. असा ठिपका यादीतून काढा. बाकीच्यांची सरासरी मधल्या भागातूनच घ्या, कारण डेव्हलपरमुळे काठाचा काळेपणा बदलतो. ठिपके त्याच प्लेटवर नसून वेगळ्या प्लेटवर असतील तर ती त्याच इमल्शनच्या त्याच बॅचची आणि सोबतच डेव्हलप केलेली हवी. ठिपक्यांचं एक्स्पोजर आकाशाच्या एक्स्पोजरइतकंच लांब आणि त्याच फिल्टरमधून दिलेलं हवं. मंद प्रकाश तासभर आणि तीव्र प्रकाश काही सेकंद, यांतला एकूण प्रकाश सारखा असला तरी प्लेट सारखी काळी होत नाही.

फॉगची वेळ आता येते. प्रकाश न लागताही डेव्हलपिंगमध्ये जो काळेपणा येतो तो फॉग. प्लेटच्या झाकलेल्या कोपऱ्यात तो मोजा आणि ठिपके व चित्र दोन्हींच्या घनतेतून वजा करा. फॉग रसायनातून आलेला असतो, म्हणून तो घनतेतच वजा होतो. आकाशाची पार्श्वभूमी मात्र खरा प्रकाश आहे. ती तीव्रतेत रूपांतर झाल्यावरच वजा करायची.

फरक केवढा पडतो ते बघा. समजा फॉग ०.३० आणि आकाश ०.९०, दीर्घिकेचा बाहेरचा भाग १.०० आणि गाभा २.१०. फॉग काढून, १० चा घनतेइतका घात घ्या, त्यातून १ वजा करा आणि वर्गमूळ काढा (या प्लेटच्या वक्राचा उतार तसा आहे असं धरू). मग आकाश वजा केलं तर बाहेरचा भाग आकाशाच्या ०.१६ पट आणि गाभा ३.५६ पट येतो. आकाश आधीच घनतेत वजा करून बसलात, तर तेच आकडे ०.२९ आणि २.२३ होतात. कड जवळपास दुप्पट उजळ, गाभा फिका. दीर्घिकेचा आकारच बदलला, आणि चित्र बघून कुणाला संशयही येणार नाही.

१ वजा करण्याला कारण आहे. त्या आकड्याचा लॉग घेतला की वक्राचा खालचा पसरट भाग पुष्कळ सरळ होतो. आयराफ या खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या डीटूआय पॅकेजमध्ये हाच पर्याय ओपॅसिटन्स नावाने आहे. तिथे स्पॉटलिस्ट ठिपके मोजतं, एचडीफिट वक्र बसवतं आणि एचडीटूआय चित्र बदलतं. पायथॉनमध्येही हे थोड्या ओळींत होतं. वक्रासाठी बहुपदी दुसऱ्या किंवा तिसऱ्या घाताची पुरे. घात वाढवला की वक्र प्रत्येक ठिपक्यामागे धावतो आणि टोकाला उलटा वळतो. सर्वांत काळ्या ठिपक्याच्या पलीकडचे पिक्सेल मी मास्क करते, म्हणजे हिशोबातून वगळते. तिथे आकडा मिळतो, पण त्याला आधार नसतो.

प्लेटवर ठिपकेच नसतील तर काय? कोडाईकनाल वेधशाळेच्या सूर्याच्या कॅल्शियम-के प्लेट (कॅल्शियमच्या के रेषेच्या प्रकाशात घेतलेल्या) विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या आहेत, आणि वेज सगळ्यांवर नाही. अशा ठिकाणी शांत सूर्याची तबकडी मध्यापासून कडेपर्यंत कशी मंदावते, याच्या आधुनिक मोजमापावरून वक्र बसवता येतो. दीर्घिकांच्या प्लेटसाठी तोच भाग सीसीडीवर मोजलेला असेल तर त्याची पृष्ठतेजस्विता (आकाशातल्या ठरावीक क्षेत्रफळामागचा उजेड) वापरा. पालोमार वेधशाळेच्या आकाश-सर्व्हेच्या प्लेटची डिजिटाइझ्ड चित्रं इंटरनेटवरून उतरवून थेट फोटोमेट्री (प्रकाशाची मोजणी) करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं : तिथले पिक्सेल तीव्रतेचे नाहीत.

सगळं झालं की ठिपक्यांवरच उलटी तपासणी करा. रूपांतरित चित्रात त्यांच्या तीव्रतांचं प्रमाण सेन्सिटोमीटरच्या (ठिपके उमटवणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यांशी जुळलं पाहिजे. एका टोकाला सगळे एकाच बाजूला सरकलेले दिसले तर आधी फॉग पुन्हा मोजा, वक्राला हात नंतर लावा. फॉगची किंमत, बहुपदीचे गुणांक आणि ठिपक्यांची घनतेची मर्यादा फाइलच्या हेडरमध्ये लिहा, आणि मूळ घनतेची फाइल पुसू नका.