मेंदूचं स्कॅन इंजेक्शनच्या खोलीत ठरतं

कोल्हापुरात न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये (किरणोत्सर्गी औषध देऊन तपासणी करणाऱ्या विभागात) टेक्नॉलॉजिस्ट म्हणून नवीन मुलं-मुली आली की मी त्यांना आधी इंजेक्शनची खोली दाखवते. मशीन नंतर. मेंदूचं एफडीजी पेट स्कॅन चांगलं येणार की वाया जाणार, ते इथेच ठरतं.

एफडीजी म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर. ती साध्या साखरेसारखीच पेशींत शिरते. मेंदूचा जो भाग जास्त राबतो, तिथे जास्त जमते. म्हणून सुई दिल्यावर पेशंट मोबाइल बघत बसला किंवा बोलत राहिला, तर ते चित्रात उतरतं. सलाईनची सुई आधीच लावून ठेवा, मग उजेड मंद करा, नातेवाइकांना बाहेर बसवा. चंदगड, गडहिंग्लजहून पहाटे निघालेली माणसं वाटेत चहा घेतात. रक्तातली साखर वाढली की मेंदूत एफडीजी कमी जाते. नुसतं 'उपाशी या' म्हणून भागत नाही. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, "मामा, चहासुद्धा नको. पाणी चालतंय."

एफडीजीवरची किरणोत्सर्गी खूण म्हणजे फ्लोरिन-18. त्याचं अर्धायुष्य 110 मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मं उरतं. डोस साडेपाच तास गाडीत असेल, तर पोचेपर्यंत एक अष्टमांशच उरतो. वेळापत्रक या गणितावर बेततात. पेशंटच्या सोयीवर नाही, हे त्यांना नीट समजावून सांगावं लागतं.

विसरभोळेपणात अल्झायमर असेल तर पराइटल-टेम्पोरल भाग (मेंदूचा मागचा-वरचा आणि कानाजवळचा) मंद दिसतो, फ्रंटोटेम्पोरल प्रकारच्या विसरभोळेपणात पुढचा. फिटच्या पेशंटमध्ये दोन फिटांच्या मधल्या काळात आजाराचा भाग फिका दिसू शकतो. ऑपरेशन ठरवताना त्याची मदत होते. गाठींसाठी मात्र एफडीजी कमी पडते, कारण निरोगी मेंदूच मुळात उजळ असतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ट्रोडॅट, म्हणजे मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी शाबूत आहेत का ते दाखवणारं वेगळं स्कॅन. टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्यावर होतं, पेट मशीन लागत नाही, साधा गॅमा कॅमेरा पुरतो. निरोगी स्ट्रायटम (हालचालींवर ताबा ठेवणारा मेंदूच्या आतला भाग) स्वल्पविरामासारखं दिसतं. पार्किन्सन्समध्ये आधी शेपूट जातं, ठिपका उरतो. नुसता इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे पार्किन्सन्स नसलेला कंप, असेल तर स्कॅन नॉर्मल. हात थरथरतो म्हणून घाबरलेल्या माणसाला हे कळणं फार मोठं असतं. पण पार्किन्सन्स आणि पीएसपी (त्याच्यासारखाच दिसणारा मेंदूचा दुसरा आजार) यांतला फरक ते खात्रीने सांगत नाही, हेही लक्षात ठेवा.

पेशंटशी बोलून कंप कुठल्या हातात आधी सुरू झाला, ते फॉर्मवर लिहाच. डॉक्टर त्याच्या विरुद्ध बाजूचं स्ट्रायटम आधी बघतात.