निर्यातीचं नियोजन: स्वॉटचा तक्ता लॅमिनेट करू नका

निफाड पट्ट्यात निर्यातदारांची कागदपत्रं करताना स्वॉटचे, म्हणजे धंद्याच्या जमेच्या बाजू, कमतरता, संधी आणि धोके मांडायचे तक्ते ढिगाने पाहिले. चार रंगीत चौकोन, वर लॅमिनेशन. तक्ता वाईट नाही. तो भरला की काम झालं, हा समज वाईट.

एका कांदा निर्यातदाराकडे हा तक्ता खुर्चीच्या मागेच होता. 'धोके'मध्ये चौथी ओळ: सरकारी धोरण. बरोबरच होतं की! ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं. मागे वळून तक्ता कुणी बघितला नाही. उलट नोव्हेंबरात, भाव चांगला मिळतोय म्हणून, शेठनी पुढच्या दोन महिन्यांचे सौदे पक्के केले. ७ डिसेंबरला बंदीची अधिसूचना निघाली. सकाळी फोन, "भाऊ, पाच कंटेनरचं काय करायचं?" बंदीआधी ज्यांचं लोडिंग सुरू झालं होतं, ते सुटले. यांच्या गोण्या अजून शेडमध्येच. तिकडे खरेदीदाराची भरपाई, इकडे मार्केटला पडलेला भाव.

तेव्हापासून मी प्रत्येक धोक्यापुढे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहायला लावतो. काय दिसलं की सावध व्हायचं? मग किती कंटेनरच्या वर सौदा घ्यायचा नाही? आणि 'थांबा' कोण म्हणणार? तिसरी जागा बहुतेक ठिकाणी कोरी राहते. मालकाला थांबवणार कोण?

द्राक्षवाल्यांनो, २०१० आठवा. क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषावरून युरोपात माल अडकला, आणि अनेकांच्या आराखड्यात युरोपशिवाय गिऱ्हाईकच नव्हतं.

जहाजाचे दिवस गेल्या वर्षीच्या शीटमधून उचलू नका. २०२३ च्या अखेरीस जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, तरी एकाच्या शीटमध्ये युरोपातल्या रॉटरडॅम बंदराचे दिवस जुनेच. द्राक्ष एक्सेल बघून ताजं राहतं का?

नवख्यांना टेम्प्लेट हवा असतो, तोही आजच्या आज. मी देत नाही. आधी गेल्या हंगामातल्या प्रत्येक कंटेनरचा नफा-तोटा वेगळा काढा, रिजेक्शन आणि डेमरेज (कंटेनर बंदरात अडकला की लागणारं भाडं) धरून. दोन दिवस जातात; तेवढ्यात निम्मे परत फिरकत नाहीत.

आणि डॉलरचा एकच दर धरून बजेट करू नका. दोन रुपये कमी धरून तोच हिशेब पुन्हा मांडा.