पावसाळ्याआधी चेन सॉ: जुना सांगाडा, नवं इंजिन आणि ई-20 पेट्रोल

रोहिणी लागल्या की माळव्यात वावटळी सुरू होतात. सांवेर, देपालपूर, हातोदकडे बांधावरच्या बाभळी आणि निंब याच दिवसांत आडवे होतात. सोयाबीनवर सावली धरणाऱ्या फांद्याही पेरणीआधीच उतरवाव्या लागतात. मग इंदूरच्या सियागंज बाजारात जाऊन चेन सॉची, म्हणजे साखळीने लाकूड कापणाऱ्या मशीनची, चौकशी सुरू होते आणि प्रश्न ठरलेला असतो: घरातलं जुनं मशीन दुरुस्त करावं, की नवं घ्यावं?

जुनं ते दणकट, या म्हणण्यात दम आहे, पण त्याचं श्रेय वयाला नाही. जुन्या मोठ्या मशीनचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा डबा, मॅग्नेशियमच्या ओतीव धातूचा असे आणि सिलिंडर त्यावर बोल्टने बसवलेला. पिस्टन, बेअरिंग, सील, जे गेलं ते बदला आणि पुढची दहा वर्षं चालवा. स्टिल (Stihl) या जर्मन कंपनीचं 070 हे 106 सीसीचं धूड अजून टिकून आहे ते याच बांधणीमुळे. आजच्या स्वस्त घरगुती मशीनमध्ये मात्र अख्खं इंजिन प्लॅस्टिकच्या सांगाड्यात बसवलेलं असतं. महिन्यातून दोनदा फांद्या तोडायला ते पुरतं, रोज बुंधे कापायला नाही. पण नव्यांतही ठेकेदारांसाठीची मशीनं मॅग्नेशियमचीच येतात. तेव्हा दुकानात सालाऐवजी ‘क्रँककेस कशाचा आहे?’ हे विचारा. उत्तर देताना दुकानदार चाचरला, तर दुसरं दुकान बघा.

जुनं मशीन हरतं ते सुरक्षिततेत. फिरती चेन थांबवणारा चेन ब्रेक सत्तरच्या दशकात रुळला. झटका बसताच आपोआप लागणारा ब्रेक हुस्क्वर्ना या स्वीडिश कंपनीने 1973 मध्ये आणला. बारच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या, टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की मशीन उलटं उसळून तोंडाकडे येतं. ते थांबवायला डोळ्याची पापणी लवेल एवढाही वेळ मिळत नाही. ब्रेक नसलेलं किंवा ब्रेक मोडून टाकलेलं मशीन झाडावर, शिडीवर नेऊच नका. खाली पडलेल्या जाड ओंडक्यांसाठी ते हवं तर ठेवा. माझं विचाराल तर तेही नको. शिवाय जुन्या मशीनला कंप शोषणाऱ्या स्प्रिंगा नसतील, तर तासाभरात बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांनी पकड सुटते.

आता पेट्रोल. जुन्या-नव्याच्या तुलनेत याचा विचार फारसा कुणी करत नाही आणि सध्या मशीनं बसतात ती बहुतेक यानेच. पंपावर आता बहुतेक ठिकाणी ई-20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आषाढात टाकी अर्धी ठेवून मशीन कोपऱ्यात टाकलं, की पाणी आणि इथेनॉलचा थर खाली बसतो, पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-स्ट्रोकचं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतला फिल्टर लोंबतो तळाशी! म्हणजे इंजिनला ऑइलविना इंधन जातं आणि पिस्टन चिकटतो. दुसरं असं, की इथेनॉलमुळे त्याच कार्बोरेटरवर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) फुगतात, ते वेगळंच. स्टिलच्या पुस्तिकांत हाताने जुळवायच्या कार्बोरेटरला 10 टक्के इथेनॉलची मर्यादा आहे. मिश्रण आपोआप जुळवणाऱ्या एम-ट्रॉनिक मशीनला 27 टक्क्यांपर्यंत चालतं. रोजच्या वापरात नव्या मशीनची खरी सरशी इथे आहे. जुनं चालवायचंच असेल तर आधी पाइप, डायफ्राम आणि टाकीतला फिल्टर बदला, मग मिस्त्रीकडून कार्बोरेटर जुळवून घ्या. आणि पेट्रोल-ऑइलचं मिश्रण त्या दिवसापुरतंच करा.

जुनं विकत घेताना चार गोष्टी तिथेच उभ्या उभ्या बघा. बंद मशीन दोरीच्या मुठीला धरून उचला: कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ते अडखळत, झटके देत खाली येतं, सरळ सुटून खाली आलं तर रिंगा गेल्या. सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि त्या खिडकीतून टॉर्च मारून पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर भाव करत बसू नका, घरी या. मशीन सुरू करून डाव्या-उजव्या कुशीवर कलवा; आवाज चढला-उतरला तर क्रँकचे सील हवा ओढताहेत. शेवटी बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. ऑइलची रेघ उमटली पाहिजे.

ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत असेल तेच ठेवा. चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलला बहुधा 1:50, म्हणजे लिटरला 20 मिली. साध्या ऑइलला किंवा 52-58 सीसीच्या स्वस्त मशीनला बरेचदा 1:25, म्हणजे 40 मिली. बारला ट्रॅक्टरचं जळालेलं ऑइल घालायची सवय सोडा. त्यातला धातूचा चुरा पंप खातो आणि भुशाबरोबर तेच तेल शेतात पसरतं. ज्या इंदूरच्या नावाने कंपोस्टची पद्धत जगभर गेली, तिथल्या खड्ड्यात असला भुसा जाऊ नये.

भुशाकडे लक्ष ठेवा. चेन धारदार असेल तर कपचे पडतात, पिठासारखा भुसा आला की कानस हातात घ्या. कानस चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या इंचातल्या अंतरावर ठरते: 0.325 पिचला 4.8 मिमीची, साध्या 3/8 ला 5.2 ची आणि लहान मशीनवरच्या लो-प्रोफाइल 3/8 ला 4 मिमीची कानस लागते. पिच बारवर कोरलेला असतो. बांधावरच्या झाडात जुनी तार, खिळे हमखास असतात, ते आधी शोधा. मे महिन्याच्या धुळीत एअर फिल्टर रोज झटका.

पेरू-सीताफळाच्या छाटणीपुरतं काम असेल तर बॅटरीचं मशीन बघायला हरकत नाही. बाभळीच्या बुंध्याला ते पुरत नाही.

वादळाने वाकवलेल्या फांदीला हात घालताना आधी दबलेल्या बाजूने थोडं कापा, मग ताणलेल्या बाजूने. उलट केलंत तर लाकूड फाटून अंगावर येतं. झाड तारेवर पडलं असेल तर मशीन बाजूला ठेवून 1912 ला फोन करा. उभं झाड बुंध्यातून पाडायचं असेल तर आधी तहसीलमध्ये आणि वन विभागात विचारून घ्या.

पेरणी सुरू झाली की मशीन ठेवायच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होईल. चेन काढून ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि प्लगच्या भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडून दोरी दोनदा हळू ओढा.