संधिवाततज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी करायची तयारी

सांधा दुखणाऱ्या प्रत्येकाला संधिवाततज्ज्ञांची गरज नसते, त्यामुळे पहिली तयारी म्हणजे आपले दुखणे कोणत्या जातीचे आहे हे ओळखणे. साठीनंतर जिना चढताना दुखणारा आणि बसल्यावर शांत होणारा गुडघा बहुधा झिजेचा असतो आणि त्यासाठी फॅमिली डॉक्टर किंवा हाडांचे डॉक्टर पुरेसे असतात. मात्र दुखणे विश्रांतीने वाढत असेल, सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेले राहत असतील, आणि बोटांची पेरे, मनगटे किंवा पावलांचे लहान सांधे सुजत असतील, तर भेट लांबवू नये. आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर सांध्यांचे कायमचे नुकसान पुष्कळ टाळता येते, म्हणून अशी सूज सहा आठवडे टिकेपर्यंत तरी तज्ज्ञांची गाठ पडलेली असावी. चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, पहाटे दुखण्याने जाग येत असेल आणि चालल्याफिरल्यावर बरे वाटत असेल, तर तीही याच डॉक्टरांची बाब आहे. सांधेदुखीबरोबर सोरायसिस, वारंवार लाल होणारे डोळे, तोंडातले व्रण किंवा उन्हात उठणारे चट्टे असतील तेव्हाही असेच समजावे. चिकुनगुन्याचा ताप उतरून तीन महिने झाले तरी सांधे सुजलेले असतील, तर ‘तापाचे दुखणे आहे, जाईल’ म्हणून थांबू नये.

दोन प्रसंगी अपॉइंटमेंटची वाटच पाहू नये. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. पन्नाशीनंतर नव्याने डोके दुखू लागले, चावताना जबडा दुखला किंवा नजर अंधुक झाली, तर दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो. दोन्ही वेळी त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

डॉक्टर निवडताना पाटीवरच्या ‘वातविकार’ या शब्दापेक्षा पदवी पाहावी. रुमॅटॉलॉजीतील (संधिवातशास्त्रातील) डीएम किंवा डीआरएनबी म्हणजे एमडीनंतरचे आणखी तीन वर्षांचे शिक्षण असते, आणि डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. खर्चाची अडचण असेल तर मुंबईच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्यांनी ओपीडीचा वार आधी फोनवर विचारून घ्यावा, कारण असे विभाग रोज चालतातच असे नाही.

भेट ठरली की वहीचे एक पान काढावे आणि आठवडाभर रोज दोनच वेळा लिहाव्यात: किती वाजता उठलो आणि किती वाजता मूठ पूर्ण मिटू लागली. ‘सकाळी फार आखडते’ या वाक्यापेक्षा ‘सहाला उठले, पावणेआठला कपडे पिळून वाळत टाकता आले’ ही नोंद डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते. सूज दुपारपर्यंत ओसरत असेल तर सकाळीच मोबाइलवर दोन्ही हातांचा फोटो काढून ठेवावा. पहिला सांधा कोणता, कोणत्या महिन्यात दुखला, त्याआधी ताप किंवा जुलाब झाले होते का आणि घरात कोणाला असा आजार किंवा सोरायसिस आहे का, हेही त्याच पानावर यावे.

कागद तारखेच्या क्रमाने लावावेत. त्यात आरए फॅक्टर, अँटी सीसीपी, ईएसआर, सीआरपी, युरिक अॅसिड या रक्ततपासण्यांचे जुने अहवाल आणि एक्स-रे असावेत, मात्र आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून आमवात झालाच असे नसते आणि निगेटिव्ह आला म्हणून सुटका झाली असेही नसते. त्यामुळे स्वतःहून महागड्या तपासण्यांचे पॅकेज करून जाण्यात अर्थ नाही.

सर्वांत काळजीपूर्वक सांगायची गोष्ट म्हणजे आतापर्यंत घेतलेली औषधे. गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात, आणि कोणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या घेतल्या असतील तर त्याही संकोच न करता दाखवाव्यात, कारण अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले आढळते. ते बरेच दिवस घेतले असेल तर मनानेच एकदम बंद करणे धोक्याचे असते. पूर्वी झालेला क्षयरोग, कावीळ, दारूचे प्रमाण आणि मूल होऊ देण्याचा विचार यांवर औषधाची निवड अवलंबून असल्यामुळे तेही आपणहून सांगावे; आमवातात नेहमी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध गर्भाला घातक ठरू शकते.

निघण्यापूर्वी घरातले एक माणूस आत बसून ऐकेल अशी व्यवस्था करावी आणि चार प्रश्न लिहून न्यावेत: आजाराचे नाव काय, औषधाचा गुण किती आठवड्यांत यायला हवा, रक्ताची तपासणी दर किती दिवसांनी करायची, आणि ताप आला तर कोणती गोळी थांबवायची. मेथोट्रेक्सेट लिहून मिळाले तर सांध्यांच्या अशा आजारांत ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे. त्यामुळे खोलीतून बाहेर पडण्याआधी तो वार चिठ्ठीवर अक्षरात लिहून घ्यावा आणि औषधाच्या दुकानदाराने पाकिटावर तोच वार लिहिला आहे ना, हे काउंटरवरच वाचून पाहावे.