जुनी तलवार स्वच्छ करताना या चुका टाळा

दसरा जवळ आला की नाशिकमधील अनेक घरांत माळ्यावरची तलवार खाली उतरते, आणि शस्त्रपूजनाला ती लखलखावी या घाईत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या पात्याची एका दुपारी वाट लागते.

सर्वांत वाईट चूक म्हणजे पाते ग्राइंडरवर देणे. पंचवटीतील एका परिचित कुटुंबाकडे फिरंग, म्हणजे युरोपीय पात्याची तलवार होती. मुठीपासून चार बोटांवर, गंजाखाली, अशा पात्यांवर आढळते तशी दातेरी चंद्रकोरींच्या ठशांची जोडी मला भिंगातून दिसली होती आणि ती सावकाश मोकळी करायचे ठरलेही होते. मी आठ दिवस परगावी होतो, तेवढ्यात घरातील तरुणाने पाते धार लावणाऱ्याकडे नेऊन आणले. चंद्रकोरी गेल्या, पन्हळीच्या, म्हणजे पात्यावरील लांब खाचेच्या कडा बुजल्या आणि टोकाजवळ निळसर पट्टा उमटला. म्हणजे तेथे पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा उतरला होता. पॉलिश पेपरही याच वाटेने नेतो, फक्त थोडा हळू.

मी शिलाई मशिनचे तेल लावून पाते रात्रभर ठेवतो आणि सकाळी बांबूच्या चपट्या काडीने, दिवसाला एक वीत, एवढेच काम करतो. लाल, भुरभुरीत गंज निघाला की थांबावे. त्याखालचा काळा घट्ट थर पोलादाला राखतो, तो खरवडू नये. ज्याला एवढा धीर नाही, त्याने तलवारीला हात न लावलेलाच बरा.

तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासण्याची आपली सवय तलवारीवर चालवणे ही दुसरी चूक. आम्ल लोखंड खाते, बारीक खड्ड्यांत ओल राहते आणि थोड्याच दिवसांत गंज पुन्हा फुलतो. मुठीवर कोफ्तगिरी, म्हणजे सोन्याचांदीच्या तारेची नक्षी असेल तर हानी दुप्पट, कारण ही तार लोखंडावर पाडलेल्या बारीक चरांत ठोकून बसवलेली असते. खालचे लोखंड झिजले की ती सुटून फडक्याला लागते.

मूठ ढिली वाटली म्हणून शेगडीवर धरू नये, पाते मुठीत पक्के धरणारी आतील लाख वितळते. पात्याला खोबरेल लावू नये, ते खवट होऊन चिकटते. म्यानाचे चामडे ओल धरते, म्हणून पावसाळ्यात पाते बाहेर सुती कापडात ठेवावे. पूजेचे ओले हळदीकुंकू त्याच रात्री पुसून तेलाचे बोट फिरवावे. सकाळपर्यंत थांबल्यास त्याच जागी डाग धरतो.